ट्यूबचं डावं टोक

फेब्रुवारी उतरणीला लागला की दिवा स्टेशनबाहेरच्या आमच्या रिक्षा स्टँडवर पॅड छातीशी धरलेल्या मुली दिसायला लागतात. पॅडच्या क्लिपमध्ये हॉल तिकीट, त्यावर प्लॅस्टिक, आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली कोणाची तरी आई. त्यांना बघून मला माझी परीक्षा आठवायला हवी. आठवतो तो जळक्या तारेचा वास. तांब्याच्या बारीक तारेवर लाखेसारखं आवरण असतं. ते ब्लेडने खरवडायचं आणि राहिलेलं मेणबत्तीवर धरून जाळायचं. त्याचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. माझी अख्खी बारावी त्या वासात गेली. लोकांच्या आठवणीत या दिवसांतल्या कैऱ्या असतात, मोहर असतो. आपल्या वाट्याला जे आलं ते आलं.

यंदा तो वास जरा लवकर आला. माजिवड्याला एका कंपनीच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवते. तिथे छतातल्या सगळ्या ट्यूब काढून एलईडीचे चौकोन बसवायचं काम निघालं. दोन माणसं शिडीवर चढून एकेक ट्यूब पाव वळण फिरवून उतरवत होती आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवत होती. चार फुटी, पांढऱ्या, अंगावर धूळ, काहींची टोकं काळी पडलेली. मी चहाचा कप घेऊन तिथे उभी राहिले ती राहिलेच. शेवटी शिडीखालच्या माणसाला विचारलं, दोन ट्यूब देता का, गेलेल्या असतील तर बऱ्या. तो हसला. चालू असलेल्या न्या की मॅडम, गेलेल्या नेऊन काय करणार, म्हणाला. वडिलांना लागतात, असं मी सांगितलं. हे वाक्य मी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं, तरी ते जिभेवर तयार होतं.

एके काळी ते रोजचं होतं. डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अंगाला आमची दोन मजली इमारत. हवा फिरली की केमिकलचा उग्र वास घरात यायचा, आणि आज कुठल्या युनिटचा माल निघतोय ते आई भांडी घासता घासता सांगायची. त्या इमारतीत कोणाची ट्यूब गेली की ती कचऱ्यात जायची नाही, आमच्या दाराशी यायची. पावसाळ्यात दाराबाहेर छत्र्या उभ्या असतात तशा आमच्याकडे बारा महिने ट्यूब उभ्या असायच्या. शेजारच्या मोहिते मावशी तर पुढच्या बोळातल्या लोकांच्या पण गोळा करून आणायच्या. आई वैतागायची. लोकांच्या दारात चपला असतात, आमच्या दारात मढी, म्हणायची. पप्पा शांतपणे सांगायचे, मढी नाहीत गं, बेशुद्ध आहेत.

त्यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. ट्यूबच्या दोन्ही टोकांना आत एकेक बारीक तार असते. वर्षानुवर्षं तापून तापून ती तुटते आणि मग चोक-स्टार्टरने कितीही ढोसलं तरी ट्यूब पेटत नाही. आपण म्हणतो, गेली. पण आतला वायू तसाच असतो, काचेला आतून लावलेली पांढरी पूड तशीच असते. पप्पांच्या मते तिला उठवायची फक्त रीत बदलावी लागते. जुन्या टीव्हीतून काढलेल्या काळ्या गाभ्यावर हाताने तारेचे वेढे घालायचे, एक ट्रान्झिस्टर लावायचा, मागे बारा व्होल्टची बॅटरी. एवढ्याशा बॅटरीतून ते कॉइल विजेचा इतका दाब तयार करतं की तुटक्या तारेची ट्यूबही मुकाट पेटते. पप्पा आयटीआय केलेले वायरमन. हे त्यांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्याशा मेकॅनिककडे उभं राहून बघून बघून आलेलं.

ती वर्षं लोडशेडिंगची होती. संध्याकाळी साडेसहाला लाइट जायची ती साडेनऊला यायची, आणि अभ्यासाचे तास नेमके तेच. त्यातच पप्पा ज्या युनिटमध्ये मेंटेनन्सला होते ते बंद पडलं. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एके दिवशी गेटच उघडलं नाही. पप्पा पन्नाशीच्या आत होते. पहिले काही दिवस ते रोजच्या वेळेला डबा नसताना निघायचे, गेटपर्यंत जाऊन यायचे. मग तेही थांबलं. दाराजवळच्या स्टुलावर बसून ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे. कामाच्या माणसाचे रिकामे हात बघवत नाहीत. मला तर त्यांचा राग यायचा, त्या हातांचा.

म्हणून जेव्हा त्यांनी माळ्यावरून बुटांचा खोका काढला आणि म्हणाले, यंदा तुझी परीक्षा अंधारात नाही होऊ द्यायची, तेव्हा मला उजेडापेक्षा त्या हातांचा आनंद झाला. खोक्यात कॉइलं होती, तारेची रिळं होती, सोल्डरची कांडी होती. दारातल्या ट्यूबांतून त्यांनी मुलगी बघायला गेल्यासारखी एकेक पारखली आणि एक दोन फुटी निवडली.

वेढे घालणं हे काम दिसतं सोपं. दिवसाउजेडी खिडकीशी बसून पप्पा तार ओढायचे आणि मनात मोजायचे. दहा झाले की मोठ्याने सांगायचे, दहा. मी समोर पुस्तक घेऊन बसलेली. मी म्हणायचं, दहा, आणि पुस्तकाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीची एक रेघ मारायची. ते तार ओढत असताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. आईने चहा विचारला तरी मोजणी चुकायची, आणि चुकलं की सगळं उलगडून पुन्हा एकपासून. त्यांचं म्हणणं, मोजणारा एक आणि साक्षीदार एक पाहिजे, एकट्या माणसाने स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. माझं फिजिक्सचं पुस्तक अजून आहे. ट्रान्सफॉर्मरच्या धड्याच्या कडेने रेघांच्या ओळीच्या ओळी आहेत. धड्यात काय होतं ते मी विसरले.

पहिल्या संध्याकाळी लाइट गेली तसे पप्पांनी बॅटरीला वायर जोडली. काहीच झालं नाही. ते हसले, दोन तारांची टोकं त्यांनी अदलाबदल केली आणि कॉइलने बारीक शिट्टी मारली, डासाच्या आवाजाहून जरा जाड. एक जोडणी उलटी झाली की ते असं मुकं बसतं. ट्यूब पेटली. पण पुरी नाही. उजवीकडून डावीकडे उजेड सरकत गेला आणि वीतभर आधी थांबला. डावं टोक काळंच राहिलं. पप्पांनी मला विचारलं, उजेड कमी वाटतोय ना गं? मी म्हटलं, हो. दाब कमी पडतोय, ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, बुद्धमूर्तीसमोर अगरबत्ती लावून ते पुन्हा वेढे घालायला बसले. पंचवीस वेढे वाढवले. संध्याकाळी ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख पेटली.

माझ्या पुस्तकावर पांढरा, थोडा निळसर उजेड पडला. चोकवरच्या ट्यूबसारखी त्यात थरथर नव्हती. मला आकृतीतली बारीक अक्षरंही दिसत होती. पप्पा ट्यूबकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "डावीकडनं अजून कमीच आहे, नाही?"

मी म्हटलं, "हो."

हे मी का म्हटलं, याचा हिशोब मी पुढे हजार वेळा मांडला. पहिलं कारण सांगायला सोपं आहे. मी नाही म्हटलं असतं तर काम संपलं असतं, आणि उद्या सकाळी ते स्टुलावर हात ठेवून बसले असते. हो म्हटलं की त्यांच्या हाताला उद्याचा दिवस मिळत होता. हे कारण ऐकून कोणीही म्हणेल, किती गुणाची पोर. दुसरं कारण मी कोणाला सांगत नाही. उजेड कमी आहे म्हटलं की अभ्यास न झाल्याचा ठपका उजेडावर जायचा. मला परीक्षेची भीती होती, आणि ती लपवायला पप्पांचं डावं टोक बरं पडायचं. तिसरं कारण असं, की पप्पांना हो म्हणायची मला सवयच होती. दहा म्हटलं की दहा म्हणायचं. साक्षीदाराने मोजायचं असतं हे मी विसरले आणि नुसती री ओढत राहिले.

मग ते रोजचंच झालं. लाइट गेली की ट्यूब पेटायची, पप्पा बघायचे, विचारायचे, मी हो म्हणायचे. त्यांनी गाभा बदलला, ट्रान्झिस्टर बदलला, ट्यूबच्या मागे भिंतीवर चहाच्या पुड्यांचे चंदेरी कागद चिकटवले. घर इतकं उजळलं की मोहिते मावशी भाजी निवडायला आमच्याकडे येऊन बसायला लागल्या. त्यांनी एकदा म्हटलंही, काय झकास उजेड पाडलायत भाऊ, लग्नघर वाटतंय. पप्पा नुसते हसले. मावशींना भाजीपुरतं दिसतं, आपल्या पोरीला अभ्यास करायचाय, तिला विचारलं पाहिजे, असं ते आईला म्हणाले. मी आतून ऐकलं आणि मला अभिमान वाटला.

त्या संध्याकाळी आठवल्या की पहिल्यांदा सुखच आठवतं, हेच वाईट आहे. भिंतीवर चंदेरी कागद, आईच्या पोळीचा वास, कॉइलची शिट्टी, बाहेर सगळा रस्ता काळोखात आणि आमचीच एक खिडकी पांढरी. विहारातल्या अभ्यासिकेत पण पप्पांनी तीन गेलेल्या ट्यूब लावून दिल्या. आमच्या वस्तीतली दहावी-बारावीची सगळी पोरं तिथे चटयांवर बसायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या कमानीला पण पप्पांच्याच ट्यूब लावायच्या असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गेट न उघडल्यापासून पहिल्यांदाच लोक त्यांना शोधत घरी येत होते.

आता मागे वळून बघते तर त्या सुखात जागोजाग खुणा पडलेल्या दिसतात. आई पप्पांच्या डाव्या हाताला चहाचा कप ठेवायची आणि तो सांडायचा. आई म्हणायची, लक्ष कुठाय तुमचं. सोल्डर करताना ते मान जरा जास्त वळवून बसायचे. विहाराच्या पायरीवर दोनदा अडखळले. एकदा तार संपून रीळ त्यांच्या डाव्या गुडघ्याशी पडलं, आणि ते उजवीकडे, मागे, माझ्या पुस्तकाखाली शोधत राहिले. मी बघत होते. मला ते विचित्र वाटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मी रीळ उचलून हातात दिलं आणि पुन्हा म्हटलं, दहा.

परवा त्या दोन ट्यूब घेऊन मी माजिवड्याहून निघाले. पेपरात गुंडाळून, दोऱ्याने तीन ठिकाणी बांधून. कंडक्टरने विचारलं हे काय, मी म्हटलं काच आहे, आणि सगळे दोन बोटं लांब सरकले. शिळफाट्याला बस अडकली. पुढच्या सीटवर एक मुलगी नोट्स तोंडाजवळ धरून पुटपुटत होती. मला तिला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? घरात कोणी काही विचारलं तर खरं सांग, एवढंच. अनोळखी बाईने बसमध्ये असं सांगितलं तर पोरगी घाबरेल.

त्या मार्चमध्ये एका रविवारी विहारात डोळे तपासणीचं मोफत शिबिर होतं. नेमकी सकाळची लाइट गेली. सभागृहाच्या आतल्या खोलीत अक्षरांची पाटी टांगली होती आणि तिथे काळोख. साहजिकच पप्पांना बोलावणं आलं. ते आपलं कॉइल, बॅटरी आणि ट्यूब घेऊन धावत गेले, मी पाठोपाठ वायर घेऊन. पंधरा मिनिटांत त्यांनी पाटीच्या वर ट्यूब पेटवली. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, छान झालं काका, खालची ओळ पण स्पष्ट दिसतेय, आता तुम्हीच पहिले बसा. समोर खुर्ची मोकळी होती.

पप्पांनी पाटीकडे बघितलं. मग ते माझ्याजवळ आले, आणि सिस्टरना ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, "पाटीची डावी बाजू काळोखात आहे ना गं? का मलाच तसं वाटतंय?"

पाटी पांढरीशुभ्र होती. डावीकडे, उजवीकडे, सगळी. मी सगळी अक्षरं वाचू शकत होते. पण दारात वस्तीतली निम्मी माणसं उभी होती, आणि मला वाटलं, पप्पांना आपली ट्यूब कमी पडल्याची लाज वाटतेय. मी त्यांची लाज वाचवायला गेले. म्हटलं, "हो पप्पा, थोडी आहे काळोखात."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. तो भाव मी तेव्हा बघितला आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. ते खुर्चीवर बसले नाहीत. स्टुलावर चढले, ट्यूब जरा डावीकडे कलती केली, आणि दिवसभर तिथेच थांबून लोकांना उजेड पुरवत राहिले. आई तपासून आली, मोहिते मावशी तपासून आल्या, मीसुद्धा तपासून घेतलं. सामान आवरताना सिस्टरनी पुन्हा विचारलं, काका तुमचं राहिलं ना? पप्पा म्हणाले, आपल्याला काय झालंय, आपण ट्यूबवाले.

परीक्षा झाली. फिजिक्सच्या पेपरात ट्रान्सफॉर्मरवर प्रश्न होता आणि तो मला धड आला नाही. मार्क बेताचे पडले, कुठेच जाता येणार नाही इतके. एप्रिलमध्ये जयंतीची कमान मात्र अशी काही झगमगली की कल्याणहून लोक बघायला आले. पप्पा कमानीखाली नवा शर्ट घालून उभे होते आणि डावीकडून कोणी हात पुढे केला की त्यांना कळत नव्हतं. लोक म्हणाले, भाऊंना आता गर्व झाला.

पुढच्या हिवाळ्यात मानपाडा रोडवर डावीकडून आलेल्या सायकलवाल्याने त्यांना पाडलं. खरचटलं फार नाही. पण सायकलवाला म्हणत राहिला, मी घंटी मारली, ते माझ्याकडे बघतच नव्हते. तेव्हा कुठे आम्ही कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं गेलं होतं, उजव्याचं कडेकडेने चाललं होतं. आतल्या दाबाने डोळ्याची नस मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही, असं त्यांनी समजावलं. दाब हा शब्द ऐकून पप्पा एकदम सावरून बसले. त्यांना त्या विषयातलं कळत होतं. किती वेढे कमी करायचे, असं विचारतील की काय असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, जे गेलंय ते परत कधी येणार? डॉक्टर म्हणाले, ते येत नाही, आहे ते टिकवायचं. वर्षभर आधी आला असतात तर बरंच टिकलं असतं.

थेंब सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ, वेळ चुकवायची नाही. बैल गेला आणि झोपा केला. ऑपरेशनही झालं. तरी दर सहा महिन्यांनी थोडं थोडं गेलंच. आता सात वर्षं झाली, त्यांना काहीच दिसत नाही. उजेड आहे की अंधार, तेसुद्धा नाही.

लग्नाआधीपर्यंत मला वाटत होतं की हे नशीब. मला खरं काय ते आईने सांगितलं, तेही सहज. माझं लग्न ठरलं होतं, आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. आई म्हणाली, तुझ्या बारावीच्या वर्षी ते मला म्हणालेले, डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय माझ्या, डावीकडनं धुकं वाटतं, शिबिरात दाखवून घेतो. मग मीच शिबिराच्या रात्री विचारलं, दाखवलंत का? तर म्हणाले, अगं काही नाही, पोरीलापण तसंच दिसतंय, ट्यूबचाच दोष आहे.

आई खडे बाजूला काढत राहिली. तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी ताट खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. शिबिरातला तो सुटल्याचा भाव मला तेव्हा कळला. त्यांना शंका आली होती, भीती वाटली होती, आणि त्यांनी नियमाप्रमाणे साक्षीदाराला विचारलं होतं. साक्षीदाराने खोटी साक्ष दिली. पाठवणीच्या वेळी सगळ्याच मुली रडतात, म्हणून माझ्या रडण्याचं कोणाला नवल वाटलं नाही.

तेव्हापासून सांगेन सांगेन म्हणत इतकी वर्षं गेली. आधी लग्न होतं, मग बाळंतपण, मग त्यांचं ऑपरेशन, मग उरलेला डोळा जायच्या बेतात होता तेव्हा कसं सांगायचं. आणि सगळंच गेल्यावर सांगून काय उपयोग. दरवर्षी परीक्षा आल्या की मी डोंबिवलीला जाते, पप्पांच्या समोर बसते, पोरीच्या शाळेचं बोलते आणि परत येते. मधल्या काळात लोडशेडिंग गेलं, घरोघर इन्व्हर्टर आले, अभ्यासिकेत एलईडी लागले. इमारतीच्या दारात ट्यूब यायच्या बंद झाल्या, कारण जायला ट्यूबच उरल्या नाहीत. आता गेलेली ट्यूबसुद्धा मिळत नाही म्हणजे पाहा.

परवा मी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आई विहारात महिला मंडळाच्या कामाला गेली होती. मी एक ट्यूब पप्पांच्या मांडीवर आडवी ठेवली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, टोकांच्या पिना चाचपल्या. मीटर मागितला, तार शाबूत असली की वाजणारा. पिनांना लावला, मीटर वाजला नाही. "गेलीय," ते म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला.

माळ्यावरून मी बुटांचा खोका काढला. इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून वायर आणली. सगळी जोडणी पप्पांनी बोटांनी केली, मी फक्त स्क्रू पिळले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. त्यांनी मान कलती करून ऐकलं, दोन तारा शोधल्या, अदलाबदल केल्या. शिट्टी सुरू झाली.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली."

"पुरी?"

"पुरी."

"डावं टोक?"

ते थट्टेने विचारत होते, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यातही ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी दिसत होती. मी हसून काहीतरी बोलले असते तर ती दुपार चांगली गेली असती. वरातीमागून घोडं नाचवून काय मिळणार होतं? पण त्यांनी मला पुन्हा साक्षीदार केलं होतं.

"तेही पेटलंय," मी म्हटलं. "तेव्हाही पेटायचं, पप्पा. पंचवीस वेढे वाढवलेत त्या दिवसापासून रोज पेटायचं. शिबिरातली पाटी पण मला पुरी दिसत होती."

पप्पांचा हात खोक्याच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. खाली कोणीतरी पाण्याची मोटर लावली.

"मग हो का म्हणायचीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. सर्किटमध्ये दोष कुठे आहे ते शोधताना विचारायचे तसं विचारलं.

मी सांगितलं. रिकाम्या हातांचं सांगितलं, परीक्षेच्या भीतीचं सांगितलं, लाज वाचवायला गेले तेही सांगितलं. मोठ्याने सांगताना तिन्ही कारणं फार लहान वाटली.

"मला वाटायचं, पोरगी बघतेय," पप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांवर माझा भरोसा राहिलेला नव्हता. तुझ्या डोळ्यांवर होता."

मी रडले. त्यांना ते दिसणार नव्हतं, आणि मी आवाज होऊ दिला नाही. म्हणजे तेही लपवलंच. त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. माफ करण्यासारखं काही बोलले नाहीत, टाकून पण बोलले नाहीत. करायचं काय होतं त्यांनी? त्या एका वर्षाची किंमत दोघांनाही सारखीच कळत होती, आणि ते कुठूनही परत येणार नव्हतं. कॉइलची शिट्टी तेवढी चालू होती.

मग ते पुढे वाकले. चाचपत चाचपत बॅटरीपर्यंत गेले आणि वायर काढली.

"विझली का गं?" त्यांनी विचारलं.

मी ट्यूबकडे बघितलं. उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत नीट बघितलं, आणि मग हो म्हटलं.